तांबडी कुठली, हिरवी कुठली

६ ऑक्टोबर १९७४, सांगली

संपादकांनी आज सदर माझ्याकडे सोपवले. सदर म्हणणे जरा जास्तच होईल. तिसऱ्या पानाच्या तळाशी रोज थोडी जागा उरते आणि तिथे आजवर आम्ही दंतमंजनाच्या जाहिरातीचा एक जुना ठोकळा लावत आलो. उद्यापासून तिथे एक चौकट जाईल, ‘ठाऊक आहे का?’ वाचणाऱ्याला नवल वाटेल अशी एक माहिती, दोन-तीन वाक्यांत, आणि खरी. खरी हा शब्द संपादकांचा नाही, माझा आहे.

बी.ए. झाल्यापासून मी इथे मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढण्यात चाळिशी ओलांडली. माझे स्वतःचे वाक्य आता प्रथमच छापले जाणार. ते छापल्यावर मला काय वाटले, हे कुठेतरी लिहून ठेवावे म्हणून ही दैनंदिनी.

संध्याकाळी फोरमन धनपाल चौगुले म्हणाला, “साहेब, चार बोटं जागा हाय. काय घालू?”

मी म्हटले, “फुलपाखरू पायांनी चव घेते.”

अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता तो थांबला. “म्हंजे त्याला चप्पल घालायची सोय न्हाई.”

छापायच्या आधी मी नगर वाचनालयात जाऊन पुन्हा एकदा पुस्तक पाहून आलो. बरोबर आहे. पायांनीच घेते.

१५ ऑक्टोबर

उंटाच्या वशिंडात पाणी नसते, चरबी असते, असे काल छापले. सकाळी शेजारचे भाऊसो पेपर घेऊन दारात. निवृत्त तलाठी आहेत, आवाज खणखणीत.

“मी चौथीत शिकलोय, पाण्याची पिशवी असते म्हणून. गुरुजींनी चित्र काढलं होतं फळ्यावर.”

“गुरुजींची चूक झाली असेल.”

“आमचे गुरुजी तुमच्या पेपरापेक्षा जुने आहेत,” म्हणाले आणि चहा न घेता गेले.

माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नसली तर तो आनंदाने ऐकून घेतो. ठाऊक असलेली गोष्ट चुकीची निघाली की मात्र त्याला राग येतो. हे मला फार पटले. आपण त्यातले नाही, असेही वाटले. तो अहंकार असेल तर असो.

दिवाळीसाठी बहिणीला, अंबूला, विटकरी रंगाचे लुगडे आणले. माझ्या बायकोने, शालूने, घडी उलगडून पाहिले आणि म्हणाली, “अहो, हे हिरवंगार आहे.” दुकानातल्या दिव्यांखाली काहीही कळत नाही. शालू म्हणाली, “गेल्या वर्षीही दिवाच होता वाटतं?” अंबूला हिरवेही शोभेल.

२३ ऑक्टोबर

जोतीराम आला, अंबूचा थोरला. कोल्हापूरच्या भरतीतून थेट इथे. घरी जायची त्याला भीती वाटते.

त्याच्या घरात आजा पलटणीत होता, बाप पलटणीत होता. आमचे दाजी हंबीरराव हवालदार होऊन निवृत्त झाले. जोतीराम पळण्यात पहिला आला, छाती भरली, वजन भरले. मग डॉक्टरने त्याच्यापुढे एक पुस्तक धरले.

“नुसतं रंगीत ठिपकंच ठिपकं, मामा. डॉक्टर म्हनला, आकडा सांग. मी म्हनलं, आकडा कुठाय?”

“मग?”

“मग म्हनला, चल, पुढं सरक. आन् बाहेर काढलं.”

“पण तिथे आकडा होता का?”

“बाकीची पोरं फडाफडा सांगत हुती. म्हंजे असंल.” त्याने भाकरी मोडली पण खाल्ली नाही. “आप्पास्नी काय सांगू, मामा?”

नजर चांगली आहे. दुपारी गच्चीवरून त्याने नदीपलीकडच्या बैलगाडीतली माणसे मोजून दाखवली. मग आकडा का दिसू नये?

२६ ऑक्टोबर

वाचनालयात जाऊन शोधले. रंगांधळेपणा असे त्याला म्हणतात. बहुतेकांना तांबडा आणि हिरवा यांत फरक कळत नाही. बाकी नजर उत्तम असते. पुरुषांत आढळतो, बायकांत क्वचित. आणि नवल असे की तो मुलाला बापाकडून येत नाही, आईकडून येतो. आईला स्वतःला सगळे नीट दिसते. पण तिच्या बापाला, भावाला तो दोष असू शकतो.

हे वाचून मला हायसे वाटायला हवे होते, पण उलट झाले. आमच्या घरात असा दोष कुणाला? आमचे वडील नाना आता नाहीत, पण त्यांची नजर घारीसारखी होती. आणि मी तर डोळ्यांवरच पोट भरतो. एक वेलांटी माझ्या नजरेतून सुटत नाही.

म्हणजे जोतीरामकडे तो यायला वाट नाही. मग त्याला आकडा दिसला नाही, की त्याने पाहिला नाही? गेल्या वर्षी कवठे महांकाळला विहिरीच्या पंपांच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात तो दिवसदिवस बसायचा. त्याला पलटण नको असेल. बापाला नाही म्हणायची हिंमत नसेल. मी त्याला दोष देत नाही. पण खोटे बोलणे ते खोटेच.

तो आज गावी गेला.

२९ ऑक्टोबर

चौकट छापली: रंगांधळेपणा मामाच्या घराकडून येतो. प्रत्येक शब्द तपासलेला आहे.

पण मी हे वाचकांसाठी छापले की जोतीरामसाठी? वाचकांसाठी, असे उत्तर दिले. दिवसभर ते उत्तर मनात घोळत राहिले.

८ नोव्हेंबर

धनपाल प्रूफ घेऊन वर आला. “साहेब, आज संपादक झालासा व्हय?” आमच्याकडे मुद्रितशोधकाची पेन्सिल तांबडी आणि संपादकांची हिरवी. मी सगळे पान त्यांच्या पेन्सिलीने भरले होते. दोन्ही एकाच पेल्यात ठेवतात, ही खरी चूक. पेले वेगळे करायला सांगितले.

१७ नोव्हेंबर

भाऊबीजेला अंबूकडे जाऊन काल परत आलो. घडले ते जसेच्या तसे लिहितो.

पंगतीला दाजी माझ्या शेजारी, समोर जोतीराम आणि भावकीतली चार माणसे. माझा पेपर गावात न्हाव्याच्या दुकानात येतो. दाजींनी कात्रण जपून ठेवले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. तेव्हा ती कशाची, हे मला कळले नाही.

“पाव्हणं, तुमीच छापलंया. मामाच्या घराकडनं येतंय म्हनून. खरं हाय?”

“खरं आहे, दाजी.”

“मग सांगा. तुमच्यात कोण हाय तसं? तुमचं नाना?”

“नाही.”

“तुमी?”

मी क्षणभर तरी थांबायला हवे होते का? पण विचार करण्यासारखे काय होते? “मला सगळे रंग दिसतात,” मी म्हणालो.

दाजींनी भाताचा घास खाली ठेवला. जोतीरामकडे न बघता म्हणाले, “ऐकलंस? आता तुझ्या मामानंच सांगितलं. आमच्या घरात पलटणीत लोक मेली, पर खोटं बोलून कुणी परत आलं न्हाई.”

अंबू म्हणाली, “आवं, सणाच्या दिवशी...”

“तू गप बस. माझ्या पंगतीला हा नको.”

जोतीराम ताटावरून उठला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. मी काही वेगळे म्हणेन, अशी वाट बघत असल्यासारखे.

मी खरे तेच बोललो. परतीच्या एसटीत हेच वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. खरे बोललेल्या माणसाला ते इतक्या वेळा म्हणावे लागते का?

१ डिसेंबर

अंबू दवाखान्याच्या निमित्ताने सांगलीला आली. जोतीराम मळ्यातल्या खोपीत राहतो. बाप बोलत नाही. चावडीवर पोरे त्याला ‘बिनआकड्या’ म्हणतात. संक्रांतीनंतर पुन्हा भरती आहे आणि दाजींनी फर्मान काढले आहे, “जा, आन् यंदा खरं सांग.”

“मग जाईल का तो?”

“जाणार म्हनतोय. हरिबाचं पोरगं भरती झालंय न्हवं, ते सुट्टीवर आलंय. त्याच्याकडनं त्या पुस्तकातलं आकडं पाठ करतोय. कंच्या पानावर कंचा. रोज म्हनून दाखवतोय, शाळेतल्या पाढ्यावानी.” ती पदर चाळवत बसली. “आण्णा, दिसत असतं तर त्यानं पाठ कशाला केलं असतं रं?”

मी म्हटले, पुढच्या आठवड्यात रजा काढून येतो, त्याच्याशी बोलतो. तो कबूल होईल. कबूल झाला की दाजी निवळतील. शालू म्हणाली, “कबूल काय होईल? तुम्ही आधीच ठरवून निघालाय.” बायको कधी कधी फार पटकन बोलते.

२२ डिसेंबर, अंबूच्या मळ्यात

रजा उशिरा मिळाली. अंबूचे गाव कवठ्यापासून आत आहे. विहिरीजवळ मिरचीचा वाफा, आणि तोडणी चालली आहे. पिकून तांबड्या झालेल्या मिरच्या तोडायच्या, हिरव्या झाडावर राहू द्यायच्या. अंबू होती, जोतीराम होता आणि शेजारची रंगूबाई. तिचा हात चालतो तितकेच तोंड चालते.

मला बघून ती म्हणाली, “आला का मामा? बघा तुमच्या भाच्याची पाटी. हिरवी न्हाई, तांबडी न्हाई, हाताला लागंल ती. ह्याला तोडणीला लावलं तर पिकायच्या आधीच हंगाम संपंल.”

जोतीराम मान खाली घालून तोडत होता. त्याच्या पाटीत, तिच्या म्हणण्याप्रमाणे, सगळ्या प्रकारच्या मिरच्या होत्या. मला वाटले, भरतीत सोंग, आता मळ्यातही सोंग. आईसमोर तरी ते नको. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

“जोतीराम, इकडे बघ. अवघड काही नसते. मी एक ओळ तोडून दाखवतो.”

मी एक ओळ तोडली. सावकाश, प्रत्येक मिरची पाहून. पाटी भरत आणली आणि रंगूबाईसमोर ठेवली.

रंगूबाईने आत डोकावले आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटली. “आवं पाव्हणं! तुमी भाच्याच्या वरताण! ह्यात निम्म्या हिरव्या हायत की! सांगलीत अशीच मिरची खात्यात व्हय?”

मला तिची चेष्टा वाटली. मी अंबूकडे पाहिले. ती हसत नव्हती. पाटीजवळ बसली, दोन मिरच्या उचलल्या, दोन्ही भरलेल्या, ताज्या.

“आण्णा, ह्यातली तांबडी कंची?”

मी डावीकडच्या हातातली दाखवली.

तिने हात पाठीमागे नेले, पुन्हा पुढे आणले. “आता?”

“...उजवीकडची.”

“आता?”

मला कळेना की तिने मिरच्या बदलल्या की नाही. मी देठ बघत होतो, साल बघत होतो, सुरकुती शोधत होतो. आणि तेव्हा समजले की मी आयुष्यभर हेच करत आलो आहे. रंग बघत नाही; सुरकुती बघतो, चमक बघतो, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

“ल्हानपनी बोरं मी तोडायची तुझ्यासाठी,” अंबू म्हणाली. “तू कच्चीच आणायचास. मला वाटायचं, मला छळाय आणतूस.”

मला वाटायचे, माझ्यावरच्या मायेने ती तोडते.

जोतीराम उभा राहून बघत होता. “मामा, तुमाला बी?” एवढेच म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता आणि रागही नव्हता. मी मातीत बसलो. रंगूबाईने मला तांब्यातून पाणी दिले.

२३ डिसेंबर, तिथेच

दाजी काल कवठ्याच्या बाजाराला गेले होते, दिवस मावळायच्या सुमारास परतले. मी ओसरीवर त्यांच्यासमोर उभा राहिलो. बसून बोलणे बरे वाटेना.

“दाजी, भाऊबीजेला पंगतीत मी सांगितले की मला सगळे रंग दिसतात. ते खोटे होते. मला ठाऊक नव्हते, पण खोटे होते. मला दिसत नाहीत.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “अंबूनं पढवलं का?”

“नाही.”

“पोरानं?”

“नाही.”

“तुमी भिडस्त मानूस हाय, पाव्हणं. भाच्यापायी बोलत असशीला.” मग विचार करून म्हणाले, “फौजेत साक्षी येगयेगळ्या घेत्यात.” जोतीरामला त्यांनी विहिरीवर पाठवले. आत जाऊन ट्रंक उघडली आणि एक पदक घेऊन आले, नागा टेकड्यांतल्या नोकरीचे. पदकाची फीत जुनी, घामट, बोटाएवढी रुंद.

“हिच्यावर काय दिसतंय, सांगा.”

मी उजेडात नेऊन पाहिली. मला लाज वाटत होती; पण खोटे सांगायची आता जास्त वाटत होती. “साधी फीत आहे. एकच रंग. मातकट.”

“रेघा?”

“रेघा नाहीत.”

त्यांनी फीत घेतली, मला आत बसवले आणि जोतीरामला हाक मारली. भिंतीआडून मला ऐकू येत होते.

“ह्या फितीवर किती रेघा हायत, सांग.”

बाप रेघा विचारतो आहे म्हणजे असतीलच, असे त्याला वाटले असेल. एखादा आकडा तो ठोकून देऊ शकला असता. पाठ करायची सवय झालीच होती.

“आप्पा, मला रेघ न्हाई दिसत. एकच रंग हाय. मातीवानी.”

थोड्या वेळाने मी बाहेर आलो. दाजी पायरीवर बसले होते, फीत मांडीवर. अंबूने मला नंतर सांगितले की तांबड्या कापडावर हिरव्या रेघा आहेत, चांगल्या पाच.

“चावडीवर काय काय बोललोय मी,” दाजी म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळले नाही. मग जोतीरामला म्हणाले, “ते आकडं पाठ करायचं बंद कर. सकाळी चावडीवर चल माझ्यासंगं.”

४ जानेवारी १९७५, सांगली

चौकट लिहिली: ‘रंगांधळेपणा असलेल्या माणसाला तो असल्याचे वर्षानुवर्षे कळत नाही. हे लिहिणाऱ्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळले.’ संपादक म्हणाले, स्वतःविषयी कशाला? मी म्हटले, कारण एवढेच मी पुस्तकाबाहेर तपासले आहे. छापले.

भाऊसो आले. भांडायला कंबर कसून आलो असे म्हणाले. पण येताना दोन रंगांच्या सुताच्या गुंड्या आणल्या होत्या आणि त्यांनी शालूकडून स्वतःलाच तपासून घेतले. पास झाले. चहा घेऊन गेले.

अंबूचा निरोप आला. दाजी फीत घेऊन चावडीवर गेले आणि एकेकाला समोर उभे करून रेघा मोजायला लावल्या. ‘बिनआकड्या’ म्हणणाऱ्या टोळक्यातलाच एक पोरगा नापास झाला. दाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली म्हणे. जोतीराम घरात राहायला आला आहे.

मी खूश आहे. सगळे जिथल्या तिथे बसले, असे वाटते. माझ्या ओळखीने विश्रामबागेजवळच्या एका मोटार रिवायंडिंगवाल्याशी बोलून ठेवले आहे. मुलाला हेच हवे होते.

१९ जानेवारी

जोतीराम आला होता. दुकान दाखवले. मालक बरा माणूस. सोमवारपासून ये म्हणाला. अंथरूण-पांघरूण आणायला तो गावी निघाला, मी स्टँडवर पोहोचवायला गेलो. भरती कालपासून सुरू झाली असणार, हे मला तिथे बसल्यावर आठवले. त्याला आधीच आठवले असावे.

बाकावर बसल्यावर मी म्हटले, “चला, तुझ्या मनासारखे झाले एकदाचे.”

“काय, मामा?”

“हेच. मोटारीचे काम. कवठ्याला त्या दुकानात बसायचास ना दिवसदिवस.”

तो जरा हसला. “तितं रेडिओ हाय. सांजच्याला फौजी भायांची गाणी लागत्यात. ती ऐकाय बसायचो.”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. “मग तुला पलटणीत...”

“जायचं हुतं की.” तो समोर उभ्या गाड्यांकडे बघत बोलत होता. “लय जायचं हुतं, मामा. कुणी इचारलंच न्हाई. आप्पास्नी वाटलं नगं म्हनून खोटं बोललो. आता खरं हाय कळलं, तर समदी खूश हायत. आई खूश, तुमी खूश. आप्पा तर गावभर फीत दाखवत हिंडत्यात.”

तेव्हा मला कळले की त्या दिवशी डॉक्टरने ‘पुढे सरक’ म्हटल्यावर या मुलाचे काय गेले, याचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नव्हता. तो खरे बोलतो की खोटे, एवढाच खल आम्ही तीन महिने केला. मी तर सर्वांत जास्त.

“काय बघायचे होते तुला तिथे?” मी विचारले.

“बर्फ,” तो लगेच म्हणाला. “आप्पा सांगायचं, सकाळी उठलं की तंबूच्या तोंडापतुर पांढरं. डोंगर पांढरं, वाट पांढरी.” मग थोडे थांबून म्हणाला, “पांढरं तर मला दिसतंय की, मामा.”

माझ्यापाशी यावर कसलीही माहिती नव्हती. मी एवढेच विचारले, “आणि आणखी काय?”

तो सांगू लागला. आधी अडखळत, मग भराभर. कवठ्याची गाडी लागली, कंडक्टरने हाक दिली, घंटी मारली. आम्ही दोघांनीही गाडीकडे पाहिले आणि बाकावरून उठलो नाही.